तोंडाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असताना किडनी कशी सांभाळायची

पहिल्या केमोआधीचं क्रिएटिनिन (रक्ततपासणीतला आकडा, किडनीचं काम बिघडलं की वाढतो) आणि वजन एका कागदावर लिहा, कागद फ्रिजवर चिकटवा. तयारी एवढीच.

आता पाणी. मी आजवर घरात तिघांचं केलंय आणि पहिल्यांदा इथेच फसले. 'लाइट' म्हणजे रेडिएशन; त्याबरोबर केमो द्यायची असेल तर बहुतेकदा सिस्प्लॅटिन देतात. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं आणि जाताना किडनीलाच इजा करतं. म्हणून त्या दिवशी सलाईन भरपूर लावतात. पण इजा दिसते नंतरच्या आठवड्यात, आणि तेव्हा माणूस घरी असतो, मळमळत असतं, तोंड सोललेलं असतं.

माझ्या सासऱ्यांना तिसऱ्या आठवड्यात घोट गिळताना काच गेल्यासारखी वाटायची. नाकातून पोटात नळी घातली, मी निर्धास्त झाले. दिवसाला पाच-सहा वाट्या पेज जातेय, म्हणजे पाणीही जातंच की! लघवी कोऱ्या चहासारखी झाली तरी मी ते औषधांवर ढकललं. क्रिएटिनिन ०.९ वरून २.१ वर गेलं आणि पुढची केमो लांबली.

तेव्हापासून पाणी वेगळं मोजते. दिवसाला किती, ते डॉक्टरांकडून आकड्यात घ्या; 'भरपूर प्या' हे उत्तर चालवून घेऊ नका. हृदयाचा त्रास असेल तर आकडा बदलतो. आम्हाला अडीच लिटर सांगितलं होतं. सकाळी तेवढं पाणी बाटल्यांत भरून ठेवायचं, रात्री बाटल्या रिकाम्या दिसायला हव्यात. लघवीही मापाच्या मगात. दिवसभरात अर्ध्या लिटरच्या खाली गेली, उलट्या थांबेनात किंवा उठताना चक्कर आली, तर त्याच दिवशी फोन करायचा, सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही.

नळीतून देताना आधी नाकाजवळची खूण बघा. नळी सरकलेली असेल तर काहीही देऊ नका आणि स्वतः आत ढकलू नका. खूण जागेवर असेल तर पेशंटला बसवून, सिरिंजचा दट्ट्या काढून २०० मिलीच्या आसपास फीड आपोआप उतरू द्या. दाबून घातलं की उलटतं. आधी आणि नंतर थोडं पाणी. फीड चहाच्या गाळणीने गाळा, नाहीतर नाचणीचा एक गोळा नळी बंद करतो. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

'किडनी आहे, डाळ बंद करा' हा सल्ला देणारे नातेवाईक घरोघरी असतात. ऐकू नका. या काळात साधारण किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. अंड्यात जेमतेम ६. कमी करायचंच असेल तर ते डॉक्टर सांगतील, आत्याबाई नाही.

मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणायचं नाही, दुखणं कितीही असो. त्यावर डॉक्टरांकडून वेगळं औषध मागा. गावाहून आलेला काढा, भस्मं कपाटात. क्रिएटिनिन वाढलं असेल तर शहाळंही विचारूनच, त्यात पोटॅशियम असतं.

लाइट संपल्यावरही दोन-चार आठवडे तोंड तसंच राहतं. फ्रिजवरचा कागद तोवर काढू नका.