अ‍ॅड्रिनलच्या पेशी मोजायच्या तर आधी खोलीची वही उघडा

२०१६ च्या सप्टेंबरात आमच्या अ‍ॅनिमल हाउसच्या वरच्या मजल्यावर फरश्या उखडायचं काम निघालं, आणि आम्हाला ते कळलं ताणाचा प्रयोग संपल्यावर. ताण न दिलेल्या बारा रॅटच्या, मूत्रपिंडांवर बसणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ताण दिलेल्यांइतक्याच भरल्या होत्या आणि थायमस (छातीतल्या प्रतिकारशक्तीच्या ग्रंथी) आक्रसलेले होते, म्हणजे त्या आवाजाचा ताण त्यांनाही बसला होता. चोवीस जनावरांचा जीव गेला, हाती काहीच लागलं नाही. ते मला अजून खुपतं. म्हणून लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते.

आधी ग्रंथीत काय चालतं ते डोळ्यांसमोर आणा. बाहेर पातळ कॅप्सूल म्हणजे आवरण, त्याखाली ग्लोमेरुलोजा, मग जाड फॅसिक्युलाटा (हे दोन्ही कॉर्टेक्सचे थर), मधोमध मेड्युला म्हणजे गाभा. कॉर्टेक्सच्या नव्या पेशी कॅप्सूलपाशी आणि त्याच्या लगेच खाली तयार होतात आणि हळूहळू आत सरकतात. ग्लोमेरुलोजात असताना पेशी अल्डोस्टेरॉन हे शरीरातलं मीठ सांभाळणारं संप्रेरक बनवते, फॅसिक्युलाटात आल्यावर कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक, आणि मेड्युलाच्या वेशीवर पोचली की मरते. या सरकण्याची कल्पना गॉटशाऊने १८८३ मध्येच मांडली होती. माऊसच्या मादीत सगळं कॉर्टेक्स सुमारे ३ महिन्यांत नवं होतं, नरात मात्र ९ महिने लागतात, हे २०१९ मध्ये दिसलं. तेव्हा नर-मादी एका गटात घालू नका. माऊसच्या मादीत मेड्युलाला लागून एक्स-झोन नावाचा पट्टा असतो, तो पहिल्या गर्भारपणात नाहीसा होतो; नरात तो वयात येतानाच जातो. हे ठाऊक नसेल तर तिथल्या मरणाऱ्या पेशी ताणाच्या खात्यावर मांडल्या जातात.

थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्यं, कारण कुठलंही असो, रॅटची अ‍ॅड्रिनल वाढते आणि थायमस आक्रसतो, हे हान्स सेल्येने १९३६ मध्ये दाखवलं. पण ग्रंथी मोठी झाली म्हणजे पेशी वाढल्या की असलेल्याच फुगल्या? २००६ मध्ये रॅटवर झालेल्या कामात दोन्ही सापडलं, तेही वेगवेगळ्या जागी: बाहेरच्या फॅसिक्युलाटात पेशींची संख्या वाढली, आतल्या फॅसिक्युलाटात आणि मेड्युलात पेशींचा आकार. नुसतं वजन घेऊन थांबलात तर हा फरक कधीच कळणार नाही.

नैतिकता समितीची परवानगी हातात आल्याशिवाय एकही पिंजरा हलवायचा नाही. त्यानंतर खोली. मी दाराला दोरीने वही बांधून ठेवते. तापमान, दमटपणा, दिवे कधी लागले-विझले, जनरेटर किती वेळ चालला, पिंजरे कुणी बदलले, सगळं त्यात. पुण्यात गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळी आली की ढोल-ताशा आणि फटाक्यांच्या वेळाही. माणूस बदलला तरी नोंद करा. पुरुषाच्या वासानेही या जनावरांना ताण येतो, हे २०१४ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. आपल्याला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, रॅटला त्याच्या तिप्पट-चौपट ऐकू येतं. वटवाघळांचे आवाज टिपणारं यंत्र मागून आणा आणि खोलीभर फिरवा. आमच्याकडे ट्रॉलीचं एक चाक सापडलं, ज्याची कुरकुर आम्हाला कुणालाच ऐकू येत नव्हती.

रोज दहा वाजता तोच ताण दिला तर जनावर त्याला सरावतं. म्हणून दोन आठवडे प्रकार आणि वेळ बदलत राहा: कधी थंड खोली, कधी हलणारी फळी, कधी रात्रभर गर्दीचा पिंजरा. खाण्यातलं मीठ सगळ्यांना सारखं हवं. सोडियम कमी पडलं की ग्लोमेरुलोजा आपसूक रुंदावतो, त्याचा तुमच्या ताणाशी संबंध नसतो.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना बीआरडीयूचं (विभागणाऱ्या पेशींच्या नव्या डीएनएत शिरून खूण ठेवणाऱ्या रसायनाचं) इंजेक्शन, किलोमागे ५० मिलिग्रॅम, पोटात. सुई हाही ताणच, त्यामुळे ताण न दिलेल्या कंट्रोल गटालाही तीच सुई, तोच हात. दोन तासांनी ग्रंथी काढा. हे काम सकाळी करा, कारण अंधार पडायच्या सुमारास यांचं कॉर्टिकोस्टेरॉन शिगेला पोचतं.

आता हाताचं काम. रॅटची अ‍ॅड्रिनल जेमतेम वीस-तीस मिलिग्रॅमची, चरबीत रुतलेली. डावी बहुधा उजवीपेक्षा जड. सलाइनने ओल्या केलेल्या फिल्टर पेपरवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने चरबी सोला. चरबी पांढुरकी आणि लोळणारी, ग्रंथी गुलाबी-पिवळसर आणि घट्ट, चिमटा लागताच फरक कळतो. चिमूटभर चरबी राहिली तर ताणाने पडलेल्या फरकाएवढं वजन तीच भरते. ग्रंथी सुकू देऊ नका, कॅप्सूल चिरू नका. मोजायचं ते नेमकं तिथेच आहे. वजनाचे दोन्ही आकडे लिहा, नुसतं आणि शरीराच्या १०० ग्रॅममागे. ताणात जनावराचं वजन कमी वाढतं, त्यामुळे ग्रंथी तेवढीच असली तरी दुसरा आकडा चढतो.

फॉर्मॅलिनमध्ये एक दिवस, मग ५ मायक्रॉनचे सेक्शन म्हणजे पातळ काप, आणि मेड्युला नीट दिसेल असेच मधले सेक्शन निवडा. बीआरडीयूच्या जोडीला केआय-६७ हे विभागणाऱ्या पेशींतलं प्रथिन रंगवा. त्यावर एसएफ-१ या प्रथिनाचा रंग घेतलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. कॉर्टेक्समध्ये रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि त्यांच्या पेशीही विभागतात. चपटं, लांबट केंद्रक दिसलं तर ते बहुतेक वाहिनीचं. एसएफ-१ या ग्रंथीत फक्त स्टेरॉइड बनवणाऱ्या कुळातल्या पेशींच्या केंद्रकात लागतो.

मोजताना ठरावीक जागेत किती रंगलेल्या पेशी दिसल्या हे लिहू नका. पेशी फुगल्या की त्याच चौकटीत कमी मावतात आणि विभाजन घटल्यासारखं भासतं. शंभर केंद्रकांमागे किती, असं मोजा, थर-थर वेगळा धरून. स्लाइडवरचे नंबर दुसऱ्या कुणाला तरी चिकटपट्टीने झाकायला सांगा. मग टनेल (मरणाऱ्या पेशींचा तुटलेला डीएनए दाखवणारी चाचणी) लावून मेड्युलाच्या वेशीवरच्या मरणाऱ्या पेशीही मोजा, कारण जन्म वाढला आणि मरण तेवढंच राहिलं तर ग्रंथी वाढते, दोन्ही वाढलं तर ती तेवढीच राहून आतून झपाट्याने बदलत असते.

सगळे आकडे भरून झाले की चिकटपट्ट्या काढायच्या आधी दाराची वही घ्या आणि तारखा ताडून पाहा.