स्टासीची फाइल वाचायची असेल तर सुरुवात कुठून करायची

पूर्व जर्मनीचा इतिहास वाचणाऱ्या माणसाला कधी ना कधी स्टासीच्या मूळ फाइली बघायचा मोह होतोच, आणि तो व्हायलाच हवा, कारण देश १९९० मध्ये नकाशावरून गेला आणि त्याच्या गुप्त पोलिसांचं, म्हणजे स्टासीचं, दप्तर मात्र लोकांच्या हातात राहिलं, रांगेत लावलं तर १११ किलोमीटर भरेल एवढं. पण फाइल हातात आली की लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. एकतर प्रत्येक ओळ खरी मानतात, नाहीतर "सगळा बनाव आहे" म्हणून बाजूला ठेवतात. दोन्ही चूक. ती एका सरकारी खात्याची फाइल आहे, तशीच वाचायची: कोणी लिहिलं, कुठल्या साहेबासाठी लिहिलं आणि लिहिणाऱ्याला त्यातून काय दाखवायचं होतं.

खात्याची माहिती थोडक्यात. स्थापना ८ फेब्रुवारी १९५०, आणि १९५७ पासून शेवटपर्यंत मंत्री एकच, एरिक मील्के. १९८९ मध्ये पगारी माणसं साधारण ९१,०००, वर खबरे (त्यांना आयएम म्हणायचे) साधारण १,८९,०००, आणि देशाची लोकसंख्या दीड कोटीच्या थोडी वर. आता एवढी माणसं पोसायची म्हणजे काम दिसायला पाहिजे, कागद वाढायला पाहिजे. हे डोक्यात ठेवून वाचलं की बऱ्याच अहवालांचा फुगलेला सूर आपोआप कळायला लागतो.

अर्ज करायच्या आधी काय उरलंय आणि काय गेलंय ते समजून घ्या. ४ डिसेंबर १९८९ ला एरफुर्टमध्ये लोक स्टासीच्या जिल्हा कार्यालयात घुसले, कारण कागद नष्ट होतायत हे त्यांच्या लक्षात आलं होतं, मग बाकीच्या शहरांत तेच झालं आणि १५ जानेवारी १९९० ला बर्लिनमधलं नॉर्मानेनश्ट्रासंचं मुख्यालय लोकांनी ताब्यात घेतलं. पण तोवर बरंच फाडून झालं होतं. हाताने फाडलेल्या कागदांची साधारण १६,००० पोती सापडली, १९९५ पासून ते तुकडे जुळवायचं काम सुरू झालं आणि बहुतेक पोती अजून तशीच आहेत. परदेशी हेरगिरीच्या विभागाला तर स्वतःचं दप्तर स्वतःच संपवायची मुभा मिळाली, त्यामुळे तिथलं जवळपास सगळं गेलं. म्हणून एखाद्याची फाइल सापडली नाही यावरून "त्याचा काही संबंध नव्हता" असं लिहू नका, आणि "म्हणजे नक्की नष्ट केली" असंही नको.

आता अर्ज. फाइली बघायचा कायदा १९९१ च्या शेवटी झाला आणि २ जानेवारी १९९२ पासून लोक स्वतःच्या फाइली वाचायला बसले. आधी यासाठी वेगळं कार्यालय होतं, योआखिम गाउक त्याचे पहिले प्रमुख (तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले), पण १७ जून २०२१ पासून सगळं बुंडेसआर्किव्हकडे, म्हणजे जर्मनीच्या सरकारी अभिलेखागाराकडे, गेलंय. स्वतःची फाइल कोणीही मागू शकतं, त्यासाठी जर्मन नागरिक असायची गरज नाही, म्हणजे त्या काळात तिथे शिकायला किंवा कामाला असलेले परदेशी लोकसुद्धा अर्ज करू शकतात. जवळचा नातेवाईक वारला असेल तर त्याची फाइल मागता येते, मृत्यूचा दाखला आणि कारण द्यावं लागतं. तिसरा रस्ता अभ्यासक आणि पत्रकारांचा, तिथे विषय नीट मांडावा लागतो, "स्टासीबद्दल सगळं" असा विषय टाकलात तर काही हाती लागणार नाही. एक शहर, एक गट, काही वर्षं असं बांधून घ्या.

ओळख पटवून द्यावी लागते, जर्मनीबाहेर असाल तर जर्मन दूतावासातून. जन्मतारीख आणि त्या काळातले तिथले सगळे पत्ते आठवून लिहा, जुनं आडनाव असेल तर तेही, कारण शोध त्यावरच चालतो. फाइली जिल्ह्या-जिल्ह्यांत ठेवलेल्या होत्या, पत्ता चुकला तर शोधही भलतीकडे जातो. स्वतःची फाइल बघायला पैसे लागत नाहीत, लागतो तो धीर, महिनोन्महिने वाट बघायची तयारी ठेवा. तोवर स्टासी-मीडियाथेक नावाच्या ऑनलाइन संग्रहात खरी कागदपत्रं आहेत, त्यावर हात बसवून घ्या.

फाइलच्या आधी कार्ड समजून घ्या, खरी गोम तिथेच आहे. एफ १६ नावाच्या कार्डावर माणसाचं खरं नाव, जन्मतारीख आणि एक नोंदणी क्रमांक. तो क्रमांक घेऊन एफ २२ च्या कार्डांकडे गेलं की तिथे कळतं प्रकरण कुठलं, टोपणनाव काय, अधिकारी कोण, पण खरं नाव तिथे नसतं. मुद्दाम तसं केलेलं, म्हणजे एक कार्ड बघून कोणालाच पूर्ण चित्र कळू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एफ १६ मध्ये ज्यांच्यावर पाळत होती तेही आहेत आणि जे पाळत ठेवत होते तेही आहेत, एकाच पेटीत. नुसतं कार्ड सापडलं म्हणून कोणाला खबऱ्या ठरवणं हा शुद्ध आचरटपणा आहे.

मग फाइलचा प्रकार बघा. ओपीके म्हणजे माणसावर नजर ठेवून अंदाज घेणं, ओव्ही म्हणजे पक्का संशयित धरून चालवलेलं मोठं प्रकरण. बंद होऊन दप्तरी दाखल झालं की पुढे ए लागतो, ओपीकेचं एओपीके, ओव्हीचं एओपी, आणि खबऱ्याच्या बंद फाइलीला एआयएम. एआयएममध्ये साधारण पहिल्या भागात भरती कशी झाली ते आणि दुसऱ्या भागात त्याने दिलेली माहिती असते. घाई असेल तरी पहिला भाग सोडू नका, कारण माणूस स्वखुशीने आला, पैशासाठी आला की एखाद्या जुन्या भानगडीवरून दाबून आणला, हे तिथेच सापडतं (तेही अधिकाऱ्याच्या शब्दांत, हे विसरायचं नाही). पैसे दिल्याच्या पावत्या असतील तर त्या जपून बघा, तारीख आणि रक्कम असल्या कागदावर थापा मारणं अवघड जातं.

आता एक पान समोर ठेवा, भेटीचा अहवाल. वर विभाग, गाव, तारीख. खाली खबऱ्याचं टोपणनाव, कुठल्या अधिकाऱ्याने माहिती घेतली आणि भेट कुठे झाली, बऱ्याचदा एखाद्याच्या घरातली खोली, जी या कामासाठी मिळवलेली असते. मग मजकूर. इथे थांबून बघा की हा खबऱ्याने स्वतः हाताने लिहिलाय, टेपवर बोललाय आणि टाइप झालाय, की अधिकाऱ्याने आठवणीतून लिहिलाय. तिन्हीची किंमत वेगळी. टेपवरून उतरवलेल्या मजकुराखाली "नक्कल बरोबर आहे" अशा अर्थाची चार-पाच अक्षरं आणि टायपिस्टची सही असते. अधिकाऱ्याने लिहिलेल्यात तुम्हाला त्याची भाषा ऐकू येईल, सगळीकडे "शत्रुत्वाचा-नकारात्मक" हाच शिक्का, कवितावाचनाला जमलेली आठ पोरंसुद्धा त्यातच. शेवटी अधिकाऱ्याचा अभिप्राय, खबऱ्याला दिलेलं पुढचं काम आणि प्रती कोणाकोणाला गेल्या ती यादी. मी तर आधी यादीच बघतो, कारण प्रत हाउप्टआबटायलुंग २० कडे, म्हणजे चर्च, कला आणि विरोधी गट सांभाळणाऱ्या बर्लिनच्या विभागाकडे गेली असेल तर गाडी गावाबाहेर गेली असं समजायचं.

आयएम हा शब्द दिसला की रक्त तापवून घेऊ नका. आयएमबी म्हणजे थेट विरोधकांच्या गोटात शिरलेला माणूस, आणि आयएमके म्हणजे भेटींसाठी आपली खोली किंवा पत्ता देणारा, दोघंही आयएमच. काही जण तर नुसते भरतीच्या विचारात होते आणि पुढे नाही म्हणाले, त्यांचेही कागद आहेत.

१९७६ च्या निर्देश १/७६ नंतरच्या फाइलींमध्ये माणसाला तुरुंगात न टाकता आतून पोखरायच्या योजना येतात, निनावी पत्रं, नोकरीत अडथळे, मित्रांमध्ये संशय. इथे बारकाईने वाचा. योजनेचा कागद म्हणजे झालेली गोष्ट नव्हे. तारखा घेऊन पुढचे स्थितीचे अहवाल आणि शेवटचा समारोपाचा अहवाल शोधा, जे तिथे आलंय तेवढंच झालं म्हणायचं, आणि शक्य असेल तर त्या माणसाच्या स्वतःच्या आठवणीशी ताडून बघायचं.

स्वतःच्या फाइलीत टोपणनावं दिसली तर ती खरी नावं कळवा म्हणून वेगळा अर्ज करता येतो, आपोआप सांगत नाहीत. व्हेरा लेंग्सफेल्ड या विरोधी गटातल्या कार्यकर्तीला १९९२ मध्ये फाइलीतून कळलं की "डोनाल्ड" म्हणजे तिचाच नवरा. अर्ज टाकायच्या आधी हे एकदा डोक्यातून जाऊ द्या, नंतर परत न कळल्यासारखं करता येत नाही. प्रतींमध्ये इतर पीडितांची आणि तिसऱ्याच लोकांची नावं काळी केलेली असतात, अधिकाऱ्यांची आणि खबऱ्यांची मात्र नसतात, कायदाच तसा आहे.

एवढं झालं तरी स्टासीच्या कागदावर एकट्याने इमारत उभी करू नका. स्टासी सत्ताधारी एसईडी पक्षाच्या हुकुमात होती, आणि पक्षाचे कागदही बुंडेसआर्किव्हमध्येच आहेत. विरोधकांची स्वतःची पत्रकं, पत्रं, फोटो बर्लिनच्या रोबर्ट हावेमान सोसायटीच्या संग्रहात मिळतात. एकाच सभेचे तीन कागद शेजारी ठेवले की खबऱ्याने काय गाळलं ते लगेच दिसतं. आणि टिपण काढताना प्रत्येक वेळी पूर्ण क्रमांक लिहा, आर्काइव्हचं नाव, जिल्हा, एओपी की एआयएम, नंबर आणि पानावर शिक्क्याने उमटवलेला सहा आकडी पान क्रमांक, कारण मूळ फाइलीत जुने आकडे तीन-तीनदा खोडून बदललेले असतात, त्यावर विसंबलात तर तेच पान पुन्हा सापडायचं नाही.