आजारपणात आठवणींची पेटी कशी लावावी

लांबलेल्या आजारपणात, विशेषतः कर्करोगाच्या उपचारांत, घरातील सगळी माणसे फायली, औषधे आणि तपासण्यांच्या तारखांमागे धावत असतात आणि ज्याच्यासाठी ही धावपळ चालते त्याच्या वाट्याला मात्र पडून राहण्यापलीकडे काहीच काम उरत नाही. आठवणींच्या वस्तू निवडून, नोंदवून एका पेटीत लावणे हे बसल्या जागी, थोडे थोडे करता येण्याजोगे आणि केवळ त्याच माणसाला जमणारे काम आहे. ते निरवानिरवीसारखे वाटू नये याची काळजी सुरुवातीपासून घ्यावी. त्यासाठी विम्याची कागदपत्रे, मृत्युपत्र, दागिने यांपैकी काहीही या पेटीत ठेवू नये. वैद्यकीय फाइलही वेगळीच असावी, कारण रात्री-अपरात्री निघण्याची वेळ आली तर डिस्चार्ज कार्ड फोटोंच्या गठ्ठ्याखालून शोधत बसणे कोणालाही परवडत नाही.

ठाण्यातील जुन्या घरांत अशा वस्तू बहुधा माळ्यावरच्या ट्रंकेत असतात. खाडी आणि पावसाळा यांच्यामुळे त्या ट्रंकेत दमटपणा, बुरशी आणि कसर ही ठरलेलीच. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशींची संख्या साधारणपणे ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान सर्वांत खाली जाते आणि त्या काळात धूळ व बुरशी यांपासून रुग्णाला दूर ठेवावे लागते. म्हणून ट्रंक उघडण्याचे काम घरातील धडधाकट माणसाने तोंडाला मास्क लावून गच्चीत किंवा गॅलरीत करावे. वस्तू कोरड्या सुती फडक्याने पुसून, उन्हाची थेट तिरीप टाळून वाऱ्यावर ठेवाव्यात आणि मगच आत आणाव्यात. बुरशीने काळे पडलेले कागद रुग्णाच्या हाती मुळीच देऊ नयेत, त्यांचे मोबाइलवर फोटो काढून दाखवावेत. पेटीत डांबरगोळ्या, अत्तर किंवा उदबत्तीचे पुडे ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. उपचारांच्या काळात साध्या वासानेही मळमळते, त्यामुळे ते सगळे बाहेर काढून सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

काय ठेवावे, याचा निर्णय आजारी माणसाचाच असावा. मुले-सुना हौसेने लग्नाचा अल्बम आणि सत्काराची शाल पुढे करतात, पण ज्याची वस्तू आहे त्याला भलतेच काही हवे असते. माझ्या आत्याचे उपचार खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या तिथल्या कर्करोग केंद्रात, चालू असताना तिने निवडलेली पहिली वस्तू म्हणजे एक पोचे पडलेली पितळी वाटी. अनारशांचे पीठ ती याच वाटीने मोजत असे. तोंडाची चव गेलेली, तळणीचा वास सहन होत नव्हता, पण कृती सांगताना तिचा आवाज खणखणीत होई: तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, सावलीत पसरून अर्धवट ओले असतानाच कुटायचे आणि मग गूळ. किती गूळ, असे विचारले की ती ‘वाटीला पाऊण’ म्हणे. ती वाटी हरवली असती तर लिहून घेतलेल्या कृतीचा काही उपयोग झाला नसता. म्हणून पाककृतीच्या वहीबरोबर तिचे मापही ठेवावे, हा माझा आग्रह आहे.

बोलते करण्यासाठी ‘जुन्या आठवणी सांगा’ असे म्हणू नये. एवढ्या मोठ्या प्रश्नाने थकलेला माणूस गप्प होतो. नौपाड्यातल्या चाळीत पाणी किती वाजता येत असे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात पहिली पाळी कितीला सुरू होई, तलावपाळीवर कोणाबरोबर जात होतात, असे उत्तर देता येण्याजोगे प्रश्न विचारावेत आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. दहा मिनिटे पुरतात. केमोच्या काळात अनेकांना शब्द आणि नावे आठवायला वेळ लागतो. अशा वेळी मध्येच शब्द पुरवू नये किंवा ‘अहो, ते साल वेगळे होते’ म्हणून दुरुस्ती करू नये. ध्वनिफितीला तारीख आणि विषय यांचे नाव देऊन तिची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावी.

फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नये, कारण त्याचा वळ पुढच्या बाजूस उमटतो; मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे व ठिकाण लिहावे. लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही टाळावे. सोनोग्राफीचे चित्र किंवा दुकानाची पावती उष्णतेने छापलेल्या कागदावर असते व काही वर्षांत कोरी होते, तेव्हा तिची झेरॉक्स काढून ठेवावी. जरीची साडी प्लॅस्टिकमध्ये न ठेवता मलमलीत गुंडाळावी आणि अधूनमधून घडी बदलावी, नाहीतर ती घडीवरच विरते.

आता आशेविषयी. ‘सगळे छान होणार आहे’ हे वाक्य भेटायला येणारे इतक्या सहजपणे उच्चारतात की रुग्णाला ते ऐकूही येईनासे होते. त्याऐवजी पेटीत एक वही ठेवून तिच्यात पुढच्या काही आठवड्यांत खरोखर घडू शकतील अशा गोष्टी त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्याव्यात आणि त्यांची सोय करावी: गडकरी रंगायतनमधील दुपारचा प्रयोग, हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत उतरलेले रोहित पक्षी ऐरोलीहून पाहणे, नातवाच्या शाळेतले स्नेहसंमेलन. गर्दीत जायचे असल्यास रक्ततपासणीचे आकडे डॉक्टरांना दाखवून त्यांची परवानगी आधी घ्यावी. बेत रद्द झाला तर नोंद खोडू नये, पुढची तारीख शेजारी लिहावी. पार पडलेल्या बेताचे तिकीट किंवा फोटो त्याच दिवशी पेटीत टाकावा, म्हणजे पेटीत केवळ जुनेच काही साठत राहत नाही.

रुग्णालयात जाताना पेटी नेऊ नये. एक फोटो आणि हातात धरता येईल अशी, पुसून स्वच्छ करता येणारी एखादी वस्तू पुरे. ती कोणाकडे सांभाळायला दिली आहे हे सोबतच्या माणसाला ठाऊक असावे. एमआरआयच्या आधी मंगळसूत्र, जोडवी काढावी लागतात, तेव्हा त्यांच्यासाठी नाव लिहिलेली छोटी कापडी पिशवी बरोबर ठेवावी.

काही माणसांना हा सगळा प्रकार नकोसा वाटतो आणि त्यांच्यावर तो लादू नये. वस्तू पुसून, कोरड्या करून कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवाव्यात, कुठे ठेवल्या ते एकदाच सांगावे आणि विषय तिथेच सोडावा. मागाहून वाटले तर ती व्यक्ती स्वतःच विचारते.