संसदेत कायदा कसा होतो: या चुका टाळा

लोकसभेत एखादं विधेयक मंजूर झालं की अर्ध्या तासात मेसेज सुरू होतात, "आजपासून नवीन कायदा लागू, सगळ्यांना पाठवा". दर अधिवेशनात हेच चालतं. सामान्य माणसाचं एकवेळ समजू शकतो, पण एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलं पण हेच लिहितात तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण त्यांना दोन्ही सभागृहांची सदस्यसंख्या तोंडपाठ असते आणि विधेयकाचा कायदा कधी होतो ते माहीत नसतं.

सगळ्यात मोठी चूक हीच, मंजूर झालं म्हणजे लागू झालं असं समजायचं. मधे बरंच काही असतं. एका सभागृहात मंजूर, मग दुसऱ्यात, मग राष्ट्रपतींची सही, मग राजपत्रात छापलं जातं, आणि एवढं सगळं होऊनसुद्धा बहुतेक मोठ्या कायद्यांत लिहिलेलं असतं की केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवेल त्या तारखेपासून हे अंमलात येईल, वेगवेगळ्या कलमांना वेगवेगळी तारीख पण देता येईल. भारतीय न्याय संहितेवर, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यावर, राष्ट्रपतींची सही झाली २५ डिसेंबर २०२३ ला. जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत ट्रक आणि टँकरवाल्यांचा संप झाला, मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात, पंपांवर ही रांग. अपघात करून न कळवता पळून गेलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, त्याविरुद्ध तो संप होता. विरोध करायला त्यांच्याकडे कारण होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ओळखीतल्या एका ड्रायव्हरचा मला फोन आला, "दादा, गाडी रस्त्यावर काढू का नको, कालपासून दहा वर्षं सुरू झालीत म्हणे". त्याला कोणीतरी तसा मेसेज पाठवला होता आणि तो माणूस खरंच घाबरून घरी बसला होता, त्याचा रोज बुडत होता. मी त्याला कायद्याचं कलम १ फोनवर वाचून दाखवलं की बाबा, तारीखच ठरलेली नाही अजून, आत्ता जुनाच कायदा चालू आहे. पुढे फेब्रुवारीत अधिसूचना निघाली, १ जुलै २०२४ पासून संहिता लागू, पण तीच कलम १०६ ची पोटकलम २, जिच्यावरून एवढं झालं, तेवढी वगळून. आणि तरी जुलैत परत तोच मेसेज फिरला!

माझी सवय सांगतो. कुठलाही नवीन कायदा हातात आला की आधी कलम १ वाचायचं, शिक्षा आणि दंड नंतर. त्यात तारीख नसेल तर राजपत्राच्या वेबसाइटवर अधिसूचना शोधायची. पाच मिनिटं लागतात. ज्यांना पाच मिनिटं जास्त वाटतात त्यांनी निदान फॉरवर्ड तरी करू नये.

दुसरी चूक, चुकीचा मसुदा वाचायचा. न्याय संहितेचं पहिलं विधेयक ऑगस्ट २०२३ मधे आलं, गृह खात्याच्या स्थायी समितीकडे (खासदारांच्या समितीकडे) गेलं, डिसेंबरमधे सरकारने ते मागे घेऊन सुधारलेलं नवीन विधेयक मांडलं आणि मंजूर झालं ते हे दुसरं. मधल्या काळात कलमांचे नंबर सरकले. ऑगस्टच्या मसुद्यात खुनाची शिक्षा १०१ मधे होती, कायद्यात ती १०३ मधे आहे आणि १०१ मधे खुनाची व्याख्या आहे. हिसकावून चोरी तेव्हा ३०२, आता ३०४. एका क्लासच्या नोट्स ऑगस्टमधेच छापून झाल्या होत्या, सगळ्यात आधी आम्ही म्हणून, आणि त्याच नोट्स पुढच्या वर्षीपर्यंत मुलं पाठ करत होती. मी एकाला कायद्याची प्रत दाखवली तर तो म्हणे "सर, पण सगळ्यांकडे हेच आहे". सगळ्यांकडे हेच आहे म्हणूनच तर पंचाईत आहे. संसदेच्या साइटवर "मांडल्याप्रमाणे" आणि "दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्याप्रमाणे" अशा वेगळ्या प्रती असतात, मी पहिली डाउनलोडच करून ठेवत नाही, तुलना करायची असेल तेव्हाच उघडतो. आणि समिती म्हणजे वेळकाढूपणा असं म्हणणाऱ्यांनी एकदा तरी समितीचा अहवाल पूर्ण वाचावा, विधेयकातल्या चुका तिथेच पकडल्या जातात, सभागृहात कलमवार चर्चेला तेवढा वेळ कधीच मिळत नाही.

बाकीच्या पटापट सांगतो.

राज्यसभेने अडवलं की दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलवता येते, हे अर्धंच खरं. धन विधेयक आणि घटनादुरुस्तीला संयुक्त बैठक नाही. आणि आजवर अशा बैठकीतून फक्त तीनच विधेयकं मंजूर झालीत, १९६१, १९७८ आणि २००२ मधे.

पैशाचा उल्लेख आला की धन विधेयक, असं नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११० मधल्या गोष्टीच (कर, सरकारी कर्ज, सरकारी खर्च वगैरे) फक्त त्यात असाव्या लागतात आणि ते ठरवतात लोकसभा अध्यक्ष. राज्यसभेकडे ते १४ दिवसच राहतं, तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नसतात.

कृषी कायदे पंतप्रधानांनी १९ नोव्हेंबर २०२१ ला रद्द केले असं सर्रास लिहितात. त्या दिवशी फक्त घोषणा झाली. कायदा रद्द करायला पण संसदेत विधेयकच लागतं, ते २९ तारखेला मंजूर झालं.

वटहुकूम, म्हणजे अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती काढतात तो, कायमचा कायदा नाही, अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत संसदेने मंजूर केला नाही तर संपतो.

लोकसभा विसर्जित झाली की सगळंच बाद होतं असंही नाही. राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेने अजून मंजूर न केलेलं विधेयक जोवर राज्यसभेतच आहे तोवर जिवंत राहतं. पण लोकसभेत पडून असलेलं जातं, मग ते राज्यसभेने मंजूर केलेलं का असेना. महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेने ९ मार्च २०१० ला मंजूर केलं होतं, लोकसभेने घेतलंच नाही आणि २०१४ ला ते गेलं. २०२३ ला आलं ते वेगळं विधेयक, त्यामुळे "तेरा वर्षांनी तेच मंजूर झालं" असं लिहू नका. आणि त्याचे नंबर पण बघून लिहा, विधेयक १२८ वं होतं, घटनादुरुस्ती झाली ती १०६ वी. जीएसटीचं पण तसंच, विधेयक १२२ वं आणि दुरुस्ती १०१ वी.