एन्काउंटर म्हणजे दर वेळी चकमक नव्हे! या चुका टाळा

भाषांतर तपासायला घेतलं की 'एन्काउंटर' या शब्दापाशी माझी पेन्सिल हमखास थांबते. आपल्या बातम्यांनी हा शब्द पोलिसांच्या गोळीबाराला इतका घट्ट बांधलाय, की नवशिका मूळ वाक्य पुरतं न वाचताच 'चकमक' लिहून मोकळा होतो.

एकदा एका रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरचं मराठीकरण माझ्याकडे आलं. रुग्णाच्या नावाखालीच रकाना होता : 'मागील चकमकीची तारीख'. वैद्यकीय नोंदींत एन्काउंटर म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर यांची एक भेट, बस्स. मी तसं कळवलं, तर तिकडे कुणीतरी घाईघाईने 'सगळीकडे बदला' दाबलं. मग दुसऱ्या पडद्यावर उमटलं, 'प्रणालीची त्रुटीशी भेट झाली'. तिथे हवं होतं साधं 'त्रुटी आढळली'. शेवटी दोन दिवस बसून एकेक ओळ हाताने बदलली. या बटणाने वाचवलेला वेळ मी तरी कधी पाहिलेला नाही.

मुळात लॅटिन 'कॉन्ट्रा', म्हणजे 'विरुद्ध', हा एन्काउंटर या शब्दात दडलेला आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो शत्रूशी सामना या अर्थाने. वाटेत अवचित भेटणं हा सौम्य अर्थ नंतरचा. मराठीत दोन्ही अर्थ पेलणारा शब्द आहे, 'गाठ पडणे'. मित्राची गाठ पडते, शत्रूशी गाठ पडते. एका प्रत्ययाने सगळा रंग पालटतो. म्हणून मी आधी समोर कोण आहे ते बघते आणि मगच शब्द निवडते. अडचण असेल तर 'येते', वाघ असेल तर 'समोर येतो'.

'टक्कर' तर लिहूच नका. १९८९ च्या ऑगस्टमध्ये व्हॉयेजर-२ नेपच्यूनपाशी पोचलं, त्यालाही इंग्रजीत एन्काउंटरच म्हणतात. यान ग्रहाच्या ढगांवरून सुमारे ४,९५० किलोमीटर अंतरावरून निघून गेलं. धडक कुठली?

ठरवून घेतलेल्या बैठकीला एन्काउंटर हा शब्द वापरू नका.

इंग्रजीत लिहिताना एन्काउंटर या क्रियापदानंतर 'विथ' नको. नामानंतर चालतं.

आणि 'कॉन्फ्रंट' वेगळं. त्यात माणूस जाणूनबुजून समोर उभा राहतो, जाब विचारतो. एन्काउंटर बहुधा न ठरवता होतं. दोन्हींना सरसकट 'सामना करणे' लिहिलेलं दिसलं, की मी ते पान परत पाठवते.