सर्व्हरवरचं फोल्डर उघडत नाही? सेटिंगला हात लावण्याआधी अडलंय कुठे ते शोधा

इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, मल्हारगंज या भागांतल्या छोट्या कार्यालयांत मांडणी साधारण एकच असते. कोपऱ्यात एक कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून चालू, त्यावर हिशोबाचं आणि पत्रव्यवहाराचं फोल्डर, आणि त्याला जोडलेली सहा-सात मशीन. मग एखाद्या सकाळी फोल्डर उघडत नाही आणि कुणीतरी फायरवॉल बंद करतं, ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देतं, सर्व्हर तीनदा रीस्टार्ट करतं. दुपारपर्यंत मूळ बिघाड कोणता आणि आपणच केलेले बदल कोणते, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून सुरुवात प्रश्नाने करा. एकाच मशीनवर बंद आहे की सगळ्यांवर? सगळ्यांवर असेल तर दोष सर्व्हर, स्विच (सगळ्या मशीनच्या केबली जोडायचा डबा) किंवा राउटरकडे. एकावरच असेल तर सर्व्हरला हात लावू नका. सगळी फोल्डरं उघडतात आणि एकच अडतं, तर तो परवानगीचा मामला आहे. केबल हलवण्यात वेळ घालवू नका. त्यानंतर पत्ता, पोर्ट (त्या पत्त्यावरचं ठरावीक क्रमांकाचं दार), खातं, परवानगी हाच क्रम ठेवा आणि पायरी गाळू नका. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं आणि अंक वापरायचे.)

पत्ता बदललाय का?

लाइट जाऊन आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि कधीकधी सर्व्हरला वेगळा आयपी (नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता) देऊन मोकळा होतो. क्लायंटवरचा, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या मशीनवरचा, शॉर्टकट मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहतो. सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ द्या. आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल आणि स्विच बघा. पत्ता नुसता बदलला असेल तर राउटरच्या डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याच्या) सेटिंगमध्ये सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाच्या कायमच्या क्रमांकासाठी) एक आयपी राखून ठेवा. सर्व्हरवरच कायमचा पत्ता घालायचा असेल तर तो राउटर वाटतो त्या आकड्यांच्या बाहेरचा हवा. राउटर शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले पत्ते वाटत असेल, तर सर्व्हरला १९२.१६८.१.१० द्या.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून लावलेला दुसरा राउटर. त्याची केबल वॅन पोर्टात (इंटरनेटसाठीच्या खाचेत) घातली की त्याच्यामागे वेगळंच नेटवर्क तयार होतं. तिथल्या मशीनचा पत्ता १९२.१६८.०.५ आणि सर्व्हरचा १९२.१६८.१.१० असा फरक दिसला की ओळखायचं. सर्व्हर या आतल्या बाजूला असेल तर बाहेरच्या मशीनना तो सापडणारच नाही. केबल लॅन पोर्टात (आतल्या मशीनसाठीच्या खाचेत) घाला, दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी बंद करा आणि त्याला पहिल्याच्या नेटवर्कमधला एक मोकळा आयपी द्या. पाहुण्यांसाठीच्या वायफायवरून सर्व्हर न दिसणं हा बिघाड नाही. ते तसंच बनवलेलं असतं.

पिंग लागतो, म्हणून सगळं ठीक असं नाही

विंडोजचं फाइल शेअरिंग टीसीपी पोर्ट ४४५ वर चालतं. पिंग (मशीन उत्तर देतं का ते पाहणारी हाक) लागूनही हे पोर्ट बंद असू शकतं, आणि फायरवॉलने पिंग अडवला असतानाही हे चालू असू शकतं. खरी परीक्षा क्लायंटवरच्या पॉवरशेलमध्ये: ‘टेस्ट-नेटकनेक्शन १९२.१६८.१.१० -पोर्ट ४४५’. शेवटी ‘ट्रू’ आलं तर रस्ता मोकळा आहे, पुढच्या पायरीला जा.

‘फॉल्स’ आलं तर सर्व्हरवर नेटवर्क प्रोफाइल बघा. राउटर बदलला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं, त्याला ‘पब्लिक’ ठरवून शेअरिंग बंद करू शकतं. ते ‘प्रायव्हेट’ करा. फायरवॉल पूर्ण बंद करू नका, त्यात ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ तेवढं चालू ठेवा. अँटीव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिथेही हेच. उबुंटू लिनक्स सर्व्हरवर सांबाची (विंडोज मशीनना फाइली देणाऱ्या प्रोग्रॅमची) ‘एसएमबीडी’ सेवा चालू आहे का ते तपासा आणि ‘यूएफडब्ल्यू अलाउ सांबा’ द्या. घरून काम करता यावं म्हणून पोर्ट ४४५ राउटरवरून इंटरनेटला मात्र कधीही उघडू नका, त्यासाठी व्हीपीएन (इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कात यायचा सुरक्षित मार्ग) आहे.

एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’ यादीत सर्व्हरचं नाव नाही म्हणून लोक तासन्‌तास अडकतात. ती यादी वेगळ्या सेवांवर चालते आणि ती रिकामी असतानाही शेअर (सर्व्हरने नेटवर्कवर खुलं केलेलं फोल्डर) उत्तम चालू असतो. ॲड्रेस बारमध्ये थेट \\१९२.१६८.१.१० लिहून बघा. आकड्याने उघडलं आणि नावाने नाही, तर दोष फक्त नाव ओळखण्यात आहे.

एरर क्रमांक वाचा

विंडोजची खिडकी गोलमोल बोलते, कमांड प्रॉम्प्ट क्रमांक देतो. ‘नेट यूज झेड: \\१९२.१६८.१.१०\हिशोब /यूजर:सर्व्हरचं-नाव\खात्याचं-नाव *’ असं द्या. शेवटच्या * या खुणेमुळे पासवर्ड विचारला जातो. मग उत्तर बघा.

५३ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलाच नाहीत, पत्ता आणि पोर्टकडे परत जा. खिडकीत दिसणारा ०एक्स८००७००३५ हाही तोच एरर आहे. शेवटचे ३५ हे सोळाच्या पद्धतीत लिहिलेले ५३ आहेत. ६७ आला तर सर्व्हर सापडला, पण त्या नावाचा शेअर नाही, स्पेलिंग तपासा. ८६ किंवा १३२६ म्हणजे नाव-पासवर्ड चुकला. ५ म्हणजे ओळख पटली, परवानगी नाही.

१२१९ सगळ्यात जास्त छळतो. एका वेळी एका सर्व्हरशी विंडोज एकाच खात्याने बोलतं. सकाळी त्याच मशीनवरून कुणी वेगळ्या नावाने दुसरं फोल्डर उघडलं असेल, तर तुमचा बरोबर पासवर्डही नाकारला जातो. ‘नेट यूज’ देऊन जुन्या जोडण्या बघा, ‘नेट यूज * /डिलीट’ने त्या तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवतं तिथली) त्या सर्व्हरची जुनी नोंद काढा आणि पुन्हा जोडा. उघड्या फाइली आधी सेव्ह करून बंद करायला सांगा.

पासवर्ड ‘बरोबरच आहे’ असं कुणी ठामपणे सांगत असेल तर विचारा, तो पासवर्ड आहे की पिन? मशीन उघडायचा पिन त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवर चालत नाही. पासवर्डच न ठेवलेलं खातंही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. सर्व्हरवर प्रत्येकासाठी स्वतंत्र लोकल खातं आणि पासवर्ड, यासारखं दुसरं चांगलं काही नाही.

विंडोज ११ अपडेट झालं आणि जुना स्टोरेज बॉक्स बंद पडला

२४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रोमध्ये दोन गोष्टी बदलल्या. एसएमबी (विंडोजचं फाइल शेअरिंग चालतं ती पद्धत) साइनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर डिजिटल सही, सक्तीचं झालं आणि बिनपासवर्डाचा गेस्ट प्रवेश बंद झाला. ‘विनव्हर’ देऊन आवृत्ती बघा. उपाय स्टोरेज बॉक्सवर (नेटवर्कवर फाइली साठवायच्या डब्यावर) करायचा: फर्मवेअर अपडेट करा, एसएमबी २ किंवा ३ चालू करा, नाव-पासवर्डाचं खातं बनवा. एसएमबी १ पुन्हा चालू करायचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच्याच भोकातून जगभर पसरला. बॉक्सला एसएमबी १ शिवाय दुसरं काही येतच नसेल, तर त्यातला डेटा काढून घेऊन तो निवृत्त करा.

उघडतं, पण सेव्ह होत नाही

विंडोज सर्व्हरवर परवानगीची दोन कुलपं असतात, शेअरचं आणि एनटीएफएसचं (डिस्कवरच्या फाइल-फोल्डरचं). नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतलं कडक ते लागू होतं. एनटीएफएसमध्ये ‘मॉडिफाय’ आणि शेअरवर ‘रीड’ असेल तर फाइल फक्त वाचता येते. शेअरवर कार्यालयाच्या ग्रुपला ‘चेंज’ द्या आणि कुणाला काय दिसावं हे एनटीएफएसवरच ठरवा.

फोल्डर चालतं आणि त्यातली एकच फाइल अडते, तेव्हा ती कुठून आली ते विचारा. त्याच ड्राइव्हवर दुसऱ्या फोल्डरातून कट-पेस्ट केलेली फाइल जुनीच परवानगी घेऊन येते, कॉपी केलेली नव्या फोल्डरची घेते. फाइलच्या सिक्युरिटी-ॲडव्हान्स्डमधून मूळ फोल्डरची परवानगी पुन्हा लागू करा.

लिनक्सवर आधी ‘टेस्टपार्म’ चालवून सांबाच्या फाइलमधली चूक पकडा. खातं लिनक्सवर बनवून भागत नाही, ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ने सांबातही घालावं लागतं. फोल्डर एका ग्रुपच्या नावे करा, ‘सीएचमॉड २७७५’ द्या, आणि सांबात क्रिएट मास्क ०६६४ व डिरेक्टरी मास्क २७७५ ठेवा. २७७५ मधला पहिला २ विसरलात तर एकाने बनवलेलं फोल्डर दुसऱ्याला बदलता येणार नाही.

चालतं, पण रांगतं

लिंकचा (नेटवर्क जोडणीचा) वेग बघा. १००० ऐवजी १०० दाखवत असेल तर बहुधा केबलच्या आठ तारांपैकी एखादी सुटली आहे, कारण १०० ला चार तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. मोठी फाइल सेकंदाला ११-१२ एमबीवर अडकली की हेच समजा. कनेक्टर कापून नवा मारा. सिल्व्हर मॉलमधून केबल आणताना कॅट ६, शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण लवकर तुटते.

आणि आपल्या मराठी नावांची एक अडचण. विंडोजचे अनेक प्रोग्रॅम पूर्ण पाथ २६० अक्षरांपर्यंतच घेतात, त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘कार्यकारिणी’ दिसायला पाच अक्षरं, मोजायला अकरा. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते, म्हणजे जेमतेम ८५ खुणा. इतिवृत्ताची फाइल कॉपी होत नसेल, तर आधी तिचं नाव छोटं करून बघा.