सीमाभागात एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा आधारगट कसा चालवावा

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिक्कोडी, निपाणी या पट्ट्यातील मराठी माणसाचे दवाखाने बहुधा दोन राज्यांत वाटले गेलेले असतात. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, तर चंदगड तालुक्यातल्या गावांना कोल्हापूर गाठण्यापेक्षा बेळगाव कितीतरी सोयीचे. त्यातच, जवळच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळणाऱ्या सरकारी केंद्रात, गावातले कोणी भेटेल या धास्तीने मुद्दाम लांबचे केंद्र निवडणारेही पुष्कळ आहेत. एका राज्यात राहून दुसऱ्या राज्यात गोळ्या घेणाऱ्या आणि दोन्हीकडे तोंड मिटून बसणाऱ्या या माणसांना महिन्यातून एकदा तरी मोकळेपणाने बोलता यावे, यासाठी आधारगट हवा. तो सुरू करायला पैसा फारसा लागत नाही. टिकवायला शिस्त लागते, आणि ती शिस्त मुख्यतः गुप्ततेची असते.

पहिली माणसे

सुरुवात चार-पाच जणांपासून करावी आणि त्यांतल्या निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात. एकट्या पुरुषांच्या बैठकीत नंतर बायका येत नाहीत, हे सांगायला अनुभवी माणूस लागत नाही. नव्या माणसांपर्यंत पोहोचण्याचा सरळ मार्ग म्हणजे एआरटी केंद्रातील समुपदेशक; पण त्यांच्याकडे रुग्णांची यादी कधीही मागू नये. विश्वासाने कळलेली एचआयव्हीची माहिती त्या व्यक्तीच्या संमतीवाचून इतरांना सांगण्यास २०१७ च्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायद्याने मनाई केली आहे, आणि हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. यादी मागणारा कार्यकर्ता कितीही तळमळीचा असला, तरी त्याच्यापासून चार हात लांब राहिलेले बरे. त्याऐवजी गटाचा एक फोन नंबर समुपदेशकाकडे देऊन ठेवावा आणि ज्याला यावेसे वाटेल त्याने स्वतः फोन करावा. हा नंबर कोणाच्या घरच्या वापरातला नसावा, कारण घरचा फोन कधी मुलगा उचलतो, कधी शेजारी. गटातून कोणीही कोणाच्या घरी बोलावल्याशिवाय जाऊ नये.

दिवस, जागा आणि बसभाडे

बैठकीसाठी तालुक्याच्या बाजाराचा दिवस उत्तम. त्या दिवशी पिशवी घेऊन घराबाहेर पडणाऱ्या बाईला कोणी कारण विचारत नाही आणि परतताना पिशवीत भाजी असली की प्रश्नच मिटतो. जागा शक्यतो बसस्टँडपासून चालत जाण्याजोगी, पण रस्त्यावरून आत काय चालले आहे हे न दिसणारी असावी. दारावर फलक लावू नये. देवळाचा सभामंडप किंवा समाजमंदिर फुकट मिळते खरे, परंतु तिथे कोणीही येऊन टेकतो, त्यामुळे ते टाळावे.

तारीख ठरवताना सीमाभागाचे स्वतःचे पंचांग लक्षात घ्यावे लागते. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन, त्यामुळे त्या दिवशी बेळगावात बैठक ठेवण्यात अर्थ नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास निम्मे गाव सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला गेलेले असते. ऊसतोडीच्या हंगामात मजूर टोळीबरोबर महिनोन्महिने बाहेर राहतात. त्यांनी निघण्यापूर्वी केंद्रात जाऊन जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का आणि मुक्कामाच्या गावाजवळ कोणते केंद्र आहे, हे विचारून घ्यावे, असे दसऱ्याच्या आधीच्या बैठकीत आवर्जून सांगावे. केंद्र कायमचे बदलायचे असेल तर जुन्या केंद्रातून रीतसर बदलीचे कागद घ्यावेत. राज्य बदलले म्हणून उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत.

भाड्याचा हिशेब सीमेच्या दोन्ही बाजूंना वेगळा आहे. कर्नाटकात राहणाऱ्या स्त्रियांना शक्ती योजनेखाली ११ जून २०२३ पासून राज्यातील साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही, तर महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे गटाकडे थोडेफार पैसे असतील, तर ते बाहेरगावच्या पुरुषांच्या आणि चंदगडकडून येणाऱ्या बायकांच्या भाड्यावर खर्च व्हावेत. चहा-बिस्किटे त्यानंतर.

बैठकीतले बोलणे

बसायला गोल करावा. टेबल-खुर्ची मांडून कोणाला अध्यक्ष करू नये. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला, माणसे जुनी असली तरी, एकच नियम मोठ्याने सांगावा: इथे कोण आले आणि काय बोलले हे दाराबाहेर जाणार नाही, आणि बाहेर बाजारात भेट झाली तर समोरच्याने ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही. दुसरा न लिहिलेला नियम असा, की ‘तुला कसा झाला’ हा प्रश्न कोणीही कोणाला विचारत नाही. या भागातल्या अनेक विधवांना हा आजार नवऱ्याकडून आला, मोफत एआरटी सुरू होण्यापूर्वी नवरा गेला, आणि सासरच्यांनी दोष मात्र सुनेलाच दिला. त्यांना तो प्रश्न पुन्हा एकदा ऐकवण्याची गरज नाही.

नवी बाई आली की तिला जागेवर बसवून कोणी वडीलधारीने हळूच एवढेच म्हणावे, “अक्का, आज काही बोललं नाही तरी चालतंय बघा. चहा घ्या, ऐका, वाटलं तर पुढच्या खेपेला या.” आडनाव, गाव, जात यांपैकी काहीही विचारू नये. नाव खरेच सांगितले पाहिजे असेही नाही.

हजेरीच्या वहीचा विषय इथेच उरकतो. मदत देणाऱ्या संस्थांना सह्यांचा कागद आणि फोटो हवे असतात. कागदावर टोपणनाव किंवा क्रमांक लिहावा, फोटो काढायचाच झाला तर चहाच्या कपांचा किंवा रिकाम्या सतरंजीचा काढावा, आणि एवढ्यावर समाधान नसलेल्या संस्थेची मदत नम्रपणे नाकारावी.

भाषेचा एक व्यावहारिक भागही आहे. कर्नाटकातील दवाखान्यांत फलक, चिठ्ठ्या आणि अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत असतात, आणि मराठी शाळेत शिकलेल्या पन्नाशीतल्या माणसाला ते वाचता येत नाहीत. कन्नड नीट वाचणारे कोणीतरी गटात असावे आणि बैठकीनंतरची पंधरा मिनिटे कागद वाचून दाखवण्यासाठी राखून ठेवावीत. भाषेचा वाद मात्र दाराबाहेरच राहू द्यावा. कन्नड बोलणारा माणूस आला तर त्यालाही त्याच सतरंजीवर जागा मिळाली पाहिजे.

व्हॉट्सॲप जपून

गट मोडण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर आणि बहुधा फोटोही सर्वांना दिसतो. एकाचा फोन हरवला किंवा भावाच्या हाती लागला की सगळी यादी उघडी पडते. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरावी. तीत निरोप प्रत्येकाला वेगवेगळा मिळतो आणि एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. फक्त निरोप पोहोचण्यासाठी प्रत्येकाने गटाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला असावा लागतो, तोही ‘शिवणकाम’ किंवा ‘भिशी’ अशा कोणत्याही नावाने. निरोपात ‘एआरटी’, ‘पॉझिटिव्ह’, ‘गोळ्या’ यांपैकी एकही शब्द नसावा. ‘गुरुवारी ११ वाजता, नेहमीच्या ठिकाणी’ एवढे पुरते.

आरोग्याची माहिती सांगताना

गटाने डॉक्टर होऊ नये. पण डॉक्टरांकडच्या गर्दीत सांगायचे राहून जाते ते सांगावे. सध्या बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकाच गोळीत दिवसातून एकदा दिली जातात. गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर लगेच घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. आपल्याकडे जेवण तिखट आणि पित्ताचा त्रास घरोघरी, त्यामुळे मेडिकलमधून आणलेल्या पित्ताच्या पातळ औषधाकडे किंवा चघळायच्या गोळीकडे कोणी औषध म्हणून पाहतच नाही. परंतु त्यातील ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियममुळे डोल्युटेग्राविर शरीरात नीट शोषले जात नाही. म्हणून एआरटीची गोळी अशा औषधाच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागू आहे. त्या एआरटीच्या गोळीबरोबरच घ्यायच्या असतील तर जेवणासोबतच घ्याव्यात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ते एआरटीच्या डॉक्टरांना सांगावे, कारण डोल्युटेग्राविरमुळे मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढते आणि मात्रा ठरवून द्यावी लागते. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झाले तर डोल्युटेग्राविरची मात्रा वाढवावी लागते. टीबीचे औषध एका दवाखान्यात आणि एआरटी दुसऱ्या राज्यात अशी विभागणी असेल तर दोन्हीकडचे कागद दोन्हीकडे दाखवण्याची जबाबदारी रुग्णावरच येऊन पडते.

खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्री घाम येणे या चार गोष्टी दर बैठकीत विचाराव्यात. यांपैकी एक जरी असली तरी पुढच्या बैठकीची वाट न पाहता तपासणीला पाठवावे. टीबी निघाला तर निक्षय पोषण योजनेतून उपचाराच्या काळात दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे, हेही सांगावे. बँक खाते नसल्यामुळे ही रक्कम अडकून पडलेली माणसे आढळतात.

व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाची, तपासणी उपचार सुरू झाल्यावर सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा होते. आपला शेवटचा आकडा प्रत्येकाला तोंडपाठ असावा. गोळ्या नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. लग्न ठरवणाऱ्या तरुणांना हे वाक्य दहा वेळा सांगितले तरी थोडेच. स्तनपानाला मात्र ते जसेच्या तसे लागू नाही. बाळाबाबतचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

बातमी गटात आणण्यापूर्वी

फोनवर आलेली बातमी जशीच्या तशी वाचून दाखवू नये. लेनाकापाविरचे उदाहरण घेऊ. ‘एचआयव्हीवर लस सापडली, वर्षातून दोन इंजेक्शने पुरेत’ अशा स्वरूपाचा निरोप आला, तर आधी चार प्रश्न विचारावेत: ही लस आहे की औषध, ते लागण रोखण्यासाठी आहे की झालेल्या लागणीवर, कोणावर तपासले, आणि आपल्या केंद्रात मिळते का. उत्तरे शोधली की चित्र बदलते. लेनाकापाविर हे औषध आहे, लस नव्हे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडामधील चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, म्हणून जून २०२५ मध्ये अमेरिकेने ते प्रतिबंधासाठी मंजूर केले आणि जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. म्हणजे सहामाही इंजेक्शनाची ही बातमी लागण नसलेल्यांसाठी आहे. लागण झालेल्यांसाठी ते २०२२ मध्येच मंजूर झाले होते, पण इतर औषधे निकामी ठरलेल्यांसाठी आणि दुसऱ्या औषधांच्या जोडीने. ही बातमी ऐकून रोजची गोळी थांबवणाऱ्याचे नुकसानच होईल. ‘पूर्ण बरा झालेला रुग्ण’ ही बातमीही अशीच तपासावी: त्या मोजक्या माणसांना रक्ताच्या कर्करोगासाठी जोखमीचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण करावे लागले होते.

जडीबुटीच्या जाहिराती दोन्ही राज्यांत फिरतात. एड्स बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये असा औषध नियमांत स्पष्ट निर्बंध आहे. ‘एआरटी बंद करा, मग आमचे सुरू करा’ असे म्हणणाऱ्याकडे पैसे तर जातातच, शिवाय विषाणूही पुन्हा डोके वर काढतो.

कार्यक्रम

वर्षातून दोन कार्यक्रम पुरेत. १ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन १९८८ पासून पाळला जातो. त्या दिवशीची शासकीय फेरी दवाखान्यातर्फे निघते, तीत गटातल्यांनी चाललेच पाहिजे असे नाही. मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी गेलेल्यांच्या स्मरणार्थ मेणबत्त्या लावण्याची प्रथा १९८३ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. आपल्याकडे त्या सुमारास लग्नसराईमुळे हॉल मिळत नाहीत आणि संध्याकाळी वळीव कोसळतो, म्हणून आधीच एखादी छोटी बंद खोली ठरवून ठेवावी. गेलेल्यांची नावे घ्यायची की नाहीत, हे त्यांच्या घरच्यांना विचारूनच ठरवावे.

पाहुणा बोलवायचा तर आधी त्याला एवढे बजावावे, की समोरच्यांना ‘बिचारे’ म्हणायचे नाही. पत्रकाराला कार्यक्रमानंतर भेटावे, आत घेऊ नये.

तक्रार करावी लागली तर

नोकरीवरून काढणे, भाड्याच्या खोलीतून घालवणे, शाळेत मुलाला वेगळे बसवणे, एचआयव्हीच्या कारणावरून शस्त्रक्रिया नाकारणे हे सर्व २०१७ च्या कायद्याने प्रतिबंधित आहे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्यसंस्थेत आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या इतर आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमलेला असावा लागतो. त्याच्याकडून काम झाले नाही तर याच कायद्याखाली राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे (ओम्बुड्समन) जाता येते. घटना ज्या राज्यात घडली त्या राज्याकडे तक्रार करावी. निपाणीच्या माणसाला महाराष्ट्रातील दवाखान्याने नाकारले, तर ती महाराष्ट्राची बाब. तारीख, वेळ, कोण काय म्हणाले हे त्याच दिवशी लिहून ठेवावे, आणि काय करावे हे सुचत नसेल तर १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर विनामूल्य फोन करावा. प्रकरण न्यायालयात गेल्यास खऱ्या नावाऐवजी टोपणनावाने दाद मागण्याची आणि सुनावणी बंद दाराआड घेण्याची विनंती करता येते. वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगावे.